लॉग, पण कोणत्या पायावर?

एक्सेलच्या चौकटीत १०० चा ‘लॉग’ मागितला की उत्तर येते २. त्याच एक्सेलसाठी व्हीबीएमध्ये मॅक्रो लिहायला बसलो आणि तिथे १०० चा ‘लॉग’ मागितला की उत्तर येते ४.६०५१७. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. चौकटीतल्या लॉगचा पाया १० आहे. मॅक्रोतल्या लॉगचा पाया २.७१८२८…, म्हणजे गणितात ‘ई’ या अक्षराने ओळखली जाणारी संख्या. एकाच फाइलीत नांदणाऱ्या, एकाच नावाच्या या दोन फंक्शनांचा पाया वेगळा आहे हे सांगणारी एकही सूचना पडद्यावर उमटत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे.

डेटाबेसच्या दुनियेत हा गोंधळ आणखी पसरट आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘लॉग’ म्हणजे १० च्या पायावरचा. नैसर्गिक लॉगॅरिथम हवा असेल तर ‘एलएन’ लिहायचे. मायएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘लॉग’ म्हणजेच नैसर्गिक. एसक्यूलाइटमध्ये पुन्हा १०. पाया स्वतः द्यायचा म्हटले तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये पाया आधी व संख्या नंतर, एसक्यूएल सर्व्हरमध्ये संख्या आधी व पाया नंतर. ओरॅकलने मात्र पाया सांगितल्याशिवाय ‘लॉग’ चालवायचाच नाही असे ठरवले आणि वाद मिटवला. मायएसक्यूएलवर लिहिलेली क्वेरी पोस्टग्रेसवर हलवली तर ती बिनतक्रार चालते आणि तिच्यातला प्रत्येक लॉग २.३०२६ पटींनी लहान येतो.

अशी चूक वर्षानुवर्षे टिकून राहते याचे कारण गणितातच आहे. पाया बदलला की सगळे लॉग एकाच ठरावीक संख्येने गुणले किंवा भागले जातात. आलेखाचा आकार तोच राहतो, फक्त उभ्या अक्षावरचे आकडे बदलतात. मोठ्यापासून लहानापर्यंतचा क्रम तोच राहतो. दोन लॉगांचा भागाकार घेतला तर पाया छेदूनच जातो. सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेव दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील हे २ च्या लॉगला १.०७ च्या लॉगने भागून काढले तर पाया कोणताही असो, उत्तर १०.२४ वर्षेच येते. घोळ होतो तो लॉगची किंमत एकटी वापरली जाते तेव्हा. व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळत जाते असे धरले, तर २ च्या नैसर्गिक लॉगला ०.०७ ने भागायचे, उत्तर ९.९ वर्षे. इथे १० च्या पायाचा लॉग आला तर ठेव ४.३ वर्षांत दुप्पट होते. बँकेच्या व्याजाबाबत हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. पण तीच चूक एखाद्या औषधाचे रक्तातले प्रमाण घटण्याच्या किंवा जिवाणू वाढण्याच्या दरात झाली, तर ४.३ आणि ९.९ यांपैकी कोणते उत्तर खोटे हे नुसते पाहून कळत नाही.

या दुहेरी वापराला चारशे वर्षांचा इतिहास आहे. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने लॉगॅरिथमचा पहिला तक्ता १६१४ साली छापला. लंडनच्या ग्रेशम कॉलेजातला प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज तो वाचून इतका भारावला की दुसऱ्याच वर्षी नेपियरला भेटायला एडिंबरोला गेला. त्या भेटींत दोघांचे ठरले, की १ चा लॉग शून्य असावा आणि सारी रचना १० भोवती बांधावी. नेपियर १६१७ साली गेला. ब्रिग्जने १६२४ साली तीस हजार संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. त्यासाठी त्याने १० चे वर्गमूळ, मग त्याचे वर्गमूळ, असे लागोपाठ ५४ वेळा काढले होते. हाताने. माणूस दशमान पद्धतीत गुणाकार करत होता, म्हणून १० हा पाया सोयीचा होता; त्यामागे याहून खोल काही नव्हते.

दुसरी धारा भूमितीतून आली. अपास्ताखालचे, म्हणजे ‘एक भागिले क्ष’ या वक्राखालचे, क्षेत्रफळ लॉगॅरिथमसारखे वागते हे सतराव्या शतकाच्या मध्यावर लक्षात आले होते. निकोलस मर्केटरने १६६८ साली त्याची अनंत श्रेणी छापली. पुढे ऑयलरने ‘ई’ या संख्येला तिचे अक्षर आणि मानाचे स्थान दिले. कलनशास्त्रात हा पाया आपसूक येतो, कारण त्याच्या लॉगचा चढ मोजताना कोणताही जादा गुणक मागे उरत नाही. त्यामुळे गणितज्ञ ‘लॉग’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ‘ई’ असतो आणि अभियंता किंवा रसायनशास्त्रज्ञ म्हणतो तेव्हा १०. कॅल्क्युलेटरने ‘लॉग’ आणि ‘एलएन’ अशी दोन बटणे देऊन अभियंत्याची बाजू घेतली. प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी बहुतांशी गणितज्ञाची घेतली.

त्यातही फोर्ट्रानची गंमत ऐकण्यासारखी आहे. आयबीएमची ही भाषा १९५७ साली लोकांच्या हाती आली. तिच्यात आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे पूर्णांकांसाठी राखलेली होती. ‘लॉग’चे आद्याक्षर एल. म्हणजे नियमाप्रमाणे लॉगचे उत्तर पूर्णांक ठरले असते! म्हणून फोर्ट्रान चारमध्ये नावाआधी एक ‘ए’ चिकटवून ‘एलॉग’ केले गेले आणि १० च्या पायासाठी ‘एलॉग१०’. नुसता ‘लॉग’ रीतसर चालू लागला तो फोर्ट्रान ७७ मध्ये. अल्गोल ६० ने मात्र सरळ ‘एलएन’ लिहिले, पास्कलनेही तेच केले. सी भाषेत ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक; जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, आर, मॅटलॅब, गो, ज्युलिया याच रांगेतल्या. अलीकडच्या रस्ट आणि कोटलिन या भाषांनी पुन्हा ‘एलएन’ आणले आणि ‘लॉग’साठी पाया देणे सक्तीचे केले. आमच्या मते त्यांनी योग्य केले. जुन्या भाषांना आता नाव बदलणे शक्य नाही. कोट्यवधी ओळी मोडतील.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला १० च्या पायावरून ‘ई’च्या पायावर जाण्याचा बदल नेमक्या एका उन्हाळ्यात येतो. बारावीच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. त्या टेबलातला लॉग १० च्या पायाचा. म्हणून रासायनिक गतिकीच्या प्रकरणात प्रथम क्रम अभिक्रियेचे सूत्र पाठ करताना २.३०३ हा आकडा पाठ करावा लागतो. हा निसर्गाचा स्थिरांक नाही. ती १० च्या नैसर्गिक लॉगची किंमत आहे, २.३०२५८५. निसर्ग ‘ई’च्या हिशेबाने चालतो आणि हातात टेबल १० चे आहे, म्हणून मध्ये हा बदलीचा दर लागतो. नर्न्स्टच्या समीकरणातल्या ०.०५९२ मध्येही तोच दडलेला आहे. पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी हाच विद्यार्थी पायथन किंवा सी शिकतो. सवयीने २.३०३ लिहितो, पुढे ‘लॉग’ लिहितो, आणि एकाच हिशेबात तो दर दोनदा लागतो. प्रोग्रॅम चालतो. उत्तर येते.

आता ते उत्तर येते कसे, हे पाहण्याजोगे आहे. मर्केटरची श्रेणी कागदावर देखणी आहे: १ मधून अर्धा वजा, एक तृतीयांश मिळवा, एक चतुर्थांश वजा, असे करत गेले की २ चा नैसर्गिक लॉग मिळतो. पण हजार पदे मोजली तरी उत्तर जेमतेम तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत बरोबर येते. संगणक वेगवान आहे म्हणून त्याने ही श्रेणी घोकावी असे कोणाला वाटत असेल, तर प्रत्यक्षात कोणताही बरा प्रोग्रॅम तसे करत नाही.

संगणकाच्या आत दशांश संख्या २ च्या घातात साठवलेली असते. तिचे दोन भाग असतात: २ चा कोणता घात, आणि १ ते २ मधली एक संख्या. म्हणजे लॉगचे अर्धे काम संख्या साठवतानाच झालेले असते. १०० घेऊ. १०० म्हणजे २ चा सातवा घात, १२८, गुणिले ०.७८१२५. (२ चा सहावा घात गुणिले १.५६२५ असेही लिहिता येईल, पण गुणक १ च्या जितका जवळ तितके पुढचे काम हलके, म्हणून त्याला वर्गमूळ २ च्या वर जाऊ देत नाहीत.) २ चा नैसर्गिक लॉग ०.६९३१४७ यंत्राला पाठच असतो. सातपट केली की ४.८५२०३०. उरला प्रश्न ०.७८१२५ च्या लॉगचा.

इथे जेम्स ग्रेगरीच्या काळापासून ठाऊक असलेली युक्ती वापरतात. गुणकातून १ वजा करा, गुणकात १ मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. ०.७८१२५ साठी हा भागाकार येतो उणे ०.१२२८०७. त्याची दुप्पट, अधिक त्याच्या घनाचे दोन तृतीयांश, अधिक पाचव्या घाताचे दोन पंचमांश. फक्त विषम घात, आणि एकाच चिन्हाचे. पहिल्या पदाला उणे ०.२४५६१४, दुसऱ्यानंतर उणे ०.२४६८४९, तिसऱ्यानंतर उणे ०.२४६८६०. ते ४.८५२०३० मध्ये मिळवले की ४.६०५१७०. पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत करता येईल असे हे गणित आहे आणि मॅक्रोतले उत्तर आपल्याला तीन पदांत मिळाले.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९३ च्या सुमारास गणिती फंक्शनांचा एक संच मोफत खुला केला, एफडीलिबएम. त्यातला लॉग असाच चालतो. जावाच्या ‘स्ट्रिक्टमॅथ’ची व्याख्याच या संचावर बेतलेली आहे आणि क्रोम ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट इंजिनातला लॉगही त्याच्याच वंशातला. या संचातले गुणक छापील रूपात कोणालाही पाहता येतात आणि ते पाहिल्यावर एक नवल दिसते. श्रेणीप्रमाणे पहिला गुणक दोन तृतीयांश हवा, तिथे ०.६६६६६६६६६६६६६७३५ आहे. दुसरा ०.४ हवा, तिथे ०.३९९९९९९९९९९४ आहे. सहावा ०.१५३८४६ हवा, तिथे ०.१५३१३८ आहे. सातवा आणि शेवटचा, दोन पंधरांश, ०.१३३३३३ हवा, तिथे ०.१४७९८२ आहे. म्हणजे चक्क दहा टक्क्यांहून अधिक फरक.

या चुका नाहीत. श्रेणी अनंत आहे आणि यंत्र सातव्या पदावर थांबणार आहे. जी पदे कधीच मोजली जाणार नाहीत त्यांचा भार आधीच्या सातांवर वाटून दिलेला आहे, शेवटच्यावर सर्वांत जास्त. एव्हगेनी रेमेझ या सोव्हिएत गणितज्ञाने १९३४ साली मांडलेल्या पद्धतीने ही वाटणी होते. ठरावीक पट्ट्यात सर्वांत मोठी चूक शक्य तितकी लहान व्हावी एवढाच तिचा हेतू. पाठ्यपुस्तकातली श्रेणी एका बिंदूपाशी अचूक असते आणि दूर गेले की ढिली पडते. रेमेझचे बहुपद अचूकता एका बिंदूपाशी गोळा करत नाही आणि कुठेच फारसे चुकतही नाही. गणित आणि गणन यांतला फरक दाखवायला इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही आपल्या वर्गांत टेलरची श्रेणी शिकवून ‘संगणक असेच करतो’ असे सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे.

आणखी एक बारकावा. २ चा लॉग यंत्रात एक नव्हे, दोन तुकड्यांत ठेवलेला असतो. मोठ्या तुकड्याच्या शेवटी मुद्दाम शून्ये सोडलेली असतात, म्हणजे त्याला हजारच्या आसपासच्या संख्येने गुणले तरी काही सांडत नाही. लहान तुकडा शेवटी मिळवायचा.

लिनक्सवरच्या ग्नू सी लायब्ररीने २०१८ मध्ये आपला लॉग बदलला. आर्म कंपनीत लिहिलेल्या या नव्या पद्धतीत १२८ ओळींचा एक तक्ता आहे. संख्या आली की तिच्या सर्वांत जवळची ओळ काढायची, तिथला तयार लॉग उचलायचा, आणि उरलेल्या किंचित फरकासाठी एका छोट्या बहुपदाने दुरुस्ती करायची. बारावीचा विद्यार्थी लॉग टेबलात आधी मुख्य रकाना पाहतो आणि मग मीन डिफरन्स मिळवतो, तेच हे. ‘आजच्या जमान्यात लॉग टेबल कशाला’ असे विचारणाऱ्या पालकांना सांगायला हरकत नाही, की त्यांच्या सर्व्हरमध्येही एक आहे.

यंत्राला इतके सगळे नीट जमते तर अडते कुठे? ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर १९७२ साली ३९५ डॉलरना बाजारात आला. तोही २, १.१, १.०१, १.००१ अशा संख्यांचे लॉग पोटात बाळगून एकेक अंक काढत असे. त्यात २.०२ चा नैसर्गिक लॉग घेऊन लगेच ‘ई’चा घात काढला, तर २.०२ परत मिळायला हवे. मिळत होते नुसते २. दोन पूर्णांक दोन शतांश म्हणजे बरोबर २ गुणिले १.०१, आणि गळला होता तो नेमका १.०१. हजारो नग विकून झाले होते. कंपनीने ग्राहकांना पत्रे लिहून बदली यंत्र देऊ केले. त्या काळी चूक यंत्रात असे, आणि यंत्र परत मागवता येत असे. आजच्या चुका बहुतेक करून यंत्राच्या बाहेर, त्याला प्रश्न विचारण्याच्या रीतीत असतात. त्या परत मागवता येत नाहीत.

पायथनमध्ये १००० चा १० च्या पायावरचा लॉग, पाया दुसऱ्या जागी देऊन, मागून पाहा. उत्तर ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येते. कारण आत दोन नैसर्गिक लॉग काढून त्यांचा भागाकार होतो आणि दोन्ही आधीच शेवटच्या अंकाला घासलेले असतात. छापताना हा फरक नगण्य आहे. पण एखाद्या संख्येत किती अंक आहेत हे मोजायला लॉगचा पूर्णांक भाग घेऊन त्यात १ मिळवण्याची रीत फार लोकप्रिय आहे, आणि या रीतीने १००० ही तीन अंकी संख्या ठरते. पायथनमध्येच ‘लॉग१०’ हे वेगळे फंक्शन आहे. ते नेमके ३ देते. २ च्या पायासाठी ‘लॉग२’ आहे. पायाचे स्वतंत्र फंक्शन असताना भागाकार करू नये, हा नियम इतका साधा आहे की तो अभ्यासक्रमात का नसतो हे कळत नाही.

याहून सूक्ष्म अडचण १ च्या अगदी जवळ येते. दिवसाचे किंवा क्षणाचे व्याज मोजताना १ मध्ये एक फार लहान संख्या मिळवून तिचा लॉग घ्यावा लागतो. समजा ती लहान संख्या १० चा उणे दहावा घात आहे, म्हणजे एक रुपयाचा हजार कोटीवा भाग. १ मध्ये ती मिळवताच तिचे मागचे अंक कापले जातात, कारण यंत्राजवळ एकूण पंधरा-सोळा अंकांचीच जागा आहे आणि पहिले दहा १ ने अडवलेले आहेत. मग लॉग कितीही निगुतीने काढला तरी उत्तराचे सातच अंक खरे असतात. ती संख्या १० च्या उणे सोळाव्या घाताइतकी असेल तर बेरीज १ च राहते आणि लॉग शून्य येतो. चूक लॉगची नाही, त्याच्या आधीच्या बेरजेची. म्हणूनच ‘लॉग१पी’ नावाचे फंक्शन असते, त्याला ती लहान संख्या एकटीच द्यायची. १ मिळवल्याचा परिणाम ते आतल्या आत, अंक न गमावता साधते. एचपी-४१सी कॅल्क्युलेटरवर ही सोय १९७९ सालीच होती. पायथन, जावा, सी, जावास्क्रिप्ट सगळ्यांत ती आहे. वापरणारे थोडे.

शून्याचा लॉग नाही, हे सगळे जाणतात. तो विचारल्यावर काय होते याबाबत मात्र एकमत नाही. सी आणि जावास्क्रिप्ट उणे अनंत देतात. पायथन चूक दाखवून थांबतो. पायथनसाठीची नमपाय ही लायब्ररी इशारा देऊन उणे अनंत देते. पोस्टग्रेस अडवतो, मायएसक्यूएल ‘नल’ देऊन गप्प राहतो. ऋण संख्येला बहुतेक भाषा ‘ही संख्याच नव्हे’ असे उत्तर देतात, तर मॅटलॅब मुकाट्याने संमिश्र संख्येत शिरतो आणि उणे १ च्या लॉगसाठी ‘पाय’ गुणिले काल्पनिक एकक देतो, जे गणिताने पाहता चोख आहे. यातल्या कोणालाही चूक म्हणता येत नाही. पण सरासरी काढताना एक उणे अनंत शिरला तर सगळी सरासरी उणे अनंत होते, आणि ‘नल’ शिरला तर ती ओळ हिशेबातून नाहीशी होते. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची, कारण ती दिसत नाही.

या अडचणीवर विश्लेषकांनी काढलेला उपाय आम्हाला अधिक चिंताजनक वाटतो. आकडेवारीत शून्ये असली की सगळ्या रकान्यात १ मिळवायचा आणि मग लॉग घ्यायचा. उत्पन्न रुपयांत मोजले असेल तर लाख रुपयांत १ मिळवल्याने काहीच बिघडत नाही. तेच उत्पन्न लाखांत मोजलेले असेल तर १ मिळवणे म्हणजे प्रत्येकाच्या हातात लाख रुपये ठेवणे. गरीब आणि श्रीमंत यांतले अंतर एका झटक्यात कमी होते, आणि निष्कर्ष एककावर अवलंबून राहतो. शून्य उत्पन्न म्हणजे खरोखर काही नाही, की माहिती मिळाली नाही, की मोजता येईल त्याहून कमी? हा प्रश्न मोजणी करणाऱ्याला विचारायचा आहे. तो १ मिळवून सुटत नाही, फक्त झाकला जातो.

नैसर्गिक लॉगचा आजचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे यंत्रशिक्षण. हजार शब्दांच्या मजकुरातल्या प्रत्येक शब्दाची संभाव्यता ०.१ धरली, तर सगळ्या मजकुराची संभाव्यता १० चा उणे हजारावा घात. दुहेरी अचूकतेची, म्हणजे पंधरा-सोळा अंकांची, संख्या १० च्या उणे ३२४ व्या घाताच्या आसपास संपते. त्याखाली सरळ शून्य. गुणाकाराऐवजी लॉगांची बेरीज केली की उणे २३०२.५८५ असा सुखाने हाताळता येणारा आकडा मिळतो. नेपियरने गुणाकाराची बेरीज केली ती माणसाचे कष्ट वाचवायला. आज तीच युक्ती यंत्राचा आवाका राखायला लागते. हस्ताक्षरातले ० ते ९ हे दहा अंक ओळखायला शिकणारे न्यूरल जाळे पहिल्या दिवशी निव्वळ अंदाज करत असते, तेव्हा त्याच्या चुकीचे माप पडद्यावर दिसते ते साधारण २.३०३. बारावीच्या रसायनशास्त्रातला तोच आकडा, कारण दहांपैकी एकाची संभाव्यता एक दशांश. हे माप २ च्या पायावर घेतले असते तर ३.३२ दिसले असते. दोन प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी पाया विचारावा लागतो तो यासाठी.

शेवटच्या अंकाबाबतही अजून पूर्ण एकवाक्यता नाही. खरे उत्तर दोन साठवता येण्याजोग्या संख्यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये पडले तर कोणती निवडायची हे ठरवायला किती पुढचे अंक काढावे लागतील, ते आधी सांगता येत नाही. विल्यम कहान यांनी याला तक्तेकाराचा पेच असे नाव दिले. फ्रान्समधल्या झाँ-मिशेल म्युलर आणि व्हँसाँ लफेव्हर यांनी दुहेरी अचूकतेत सर्वांत कठीण संख्या कोणत्या ते शोधून काढले, आणि पॉल झिमरमन व त्यांचे सहकारी इनरिया या संस्थेत शेवटच्या अंकापर्यंत निर्दोष फंक्शने लिहीत आहेत. दशांश संख्यांचे आंतरराष्ट्रीय मानक मात्र २००८ पासून अशा अचूकतेची शिफारस करते, सक्ती नाही. त्यामुळे एकच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर शेवटच्या अंकात वेगळे उत्तर देऊ शकतो. हवामानाचे किंवा अणुभट्टीचे प्रतिमान चालवणाऱ्यांसाठी सक्ती असावी असे म्हणणाऱ्यांची बाजू वेगाच्या नावाखाली फार काळ टाळली गेली. निर्दोष फंक्शने आता पुरेशी वेगवान होत असताना ती पुन्हा ऐकून घ्यायला हवी.

आपल्याकडे करण्याजोगे काम त्याहून बरेच सोपे आहे. कंपन्यांमध्ये कोड तपासताना ‘लॉग’ दिसला की पाया विचारावा आणि शून्याचे काय ठरले आहे ते लिहून घ्यावे. अहवालात लॉग घेतलेला आलेख छापताना अक्षावर पाया लिहावा. आणि बारावीच्या पुस्तकात २.३०३ जिथे पहिल्यांदा येतो, तिथे एक वाक्य वाढवावे: ही १० च्या नैसर्गिक लॉगची किंमत आहे, आणि प्रोग्रॅममध्ये ‘लॉग’ लिहाल तेव्हा ती बहुधा लिहायची नाही. त्यासाठी नवा धडा नको, नवी समिती नको. सूत्राखाली तळटिपेची जागा रिकामीच असते.